जर्मनीची अभ्याससहल कुरुळीतून निघावी

मर्सिडीज-बेंझच्या भारतातल्या कारखान्याचा पत्ता चाकण औद्योगिक क्षेत्र, टप्पा ३, कुरुळी आणि निघोजे, तालुका खेड असा आहे. त्याच टप्प्यात, निघोजे-महाळुंग्याच्या अंगाला फोक्सवॅगनचा कारखाना आहे. दोन्ही कारखाने २००९ साली सुरू झाले. असे असूनही पुणे आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अभियांत्रिकी, व्यवस्थापन किंवा तंत्रनिकेतनाच्या मुलांना अभ्यासासाठी जर्मनीला न्यायचे म्हटले, की कार्यक्रम जवळजवळ छापील असतो. श्टुटगार्टला मर्सिडीजचे संग्रहालय, म्युनिकला बीएमडब्ल्यूचे दालन, वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनची ऑटोस्टाट, मध्ये एखादा किल्ला, ऱ्हाइनवरची बोट आणि बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापुढे सगळ्यांचा एकत्र फोटो. आठ दिवसांत सहा शहरे उरकली जातात आणि परतल्यावर महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्यावर दोन पाने छापून येतात. जे कुरुळीत आहे ते पाहायला जर्मनीला जायचे, आणि जे कुरुळीत नाही ते जर्मनीत समोर असूनही पाहायचे नाही, असा हा उफराटा कारभार आहे. तो बदलायचा तर जर्मनीत काय पाहायचे हा प्रश्न नंतरचा. त्याआधी, इथून कोणता प्रश्न घेऊन निघायचे हे ठरवले पाहिजे.

जर्मन तंत्र या पट्ट्याला नवे नाही. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९५८ मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पोने हांबुर्गच्या कंपनीशी हातमिळवणी केली आणि पुढे आकुर्डीहून निघालेले टेम्पो महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत पोचले. जर्मनीच्या केएसबीचे पंप पिंपरीत बनू लागले. नव्वदीच्या दशकात मर्सिडीजच्या गाड्या प्रथम टेल्कोच्याच आवारात जुळू लागल्या आणि मग चाकणला त्यांचा स्वतंत्र कारखाना झाला. या सात दशकांत यंत्रे आली, आराखडे आले, मायक्रॉनमध्ये मोजायची शिस्त आली, आणि खेड, मावळ, मराठवाडा, विदर्भातून आलेल्या मुलांनी ती बिनबोभाट आत्मसात केली. तेव्हा 'जर्मन लोक कसे काटेकोर काम करतात' हे पाहायला मुलांना सात हजार किलोमीटर नेण्याचे कारण उरलेले नाही. ते काम त्यांचे वडील, मामा किंवा शेजारचा दादा रोज पाळीत करतो आहे.

आले नाही ते कारखान्याच्या कुंपणाबाहेरचे. कारखान्याभोवती वाढणाऱ्या वस्तीचे नियोजन कोणाच्या हातात असते, शिकाऊ मुलाची परीक्षा कोण घेतो, कंपनीच्या मोठ्या निर्णयात कामगाराचे मत कुठे मोजले जाते, नदी खराब केल्याची किंमत कोण मोजतो, आणि कारखान्याच्या भूतकाळातल्या काळ्या पानाचे काय करायचे, हे पाच प्रश्न जर्मन शहरांनी आपापल्या परीने, अनेकदा ठेचा खात, सोडवले किंवा सोडवायचा प्रयत्न केला. माझे म्हणणे असे, की जर्मनीची अभ्याससहल म्हणजे या पाच प्रश्नांचा अभ्यास असावा. त्यातही खास बाब ही, की यांतल्या बऱ्याच गोष्टींची तरतूद आपल्या कायद्यांत आणि राज्यघटनेत कधीच होऊन गेली आहे. म्हणजे मुलांनी तिथे परके आदर्श शोधायचे नाहीत. आपल्याकडे कागदावर असलेली गोष्ट तिथे रोजच्या व्यवहारात कशी चालते, कोण चालवतो, त्यासाठी पैसा कुठून येतो आणि ती कुठे अडते, एवढे बारकाईने पाहायचे आहे.

म्हणूनच विमानात बसण्याआधीचा महिना कुरुळीत गेला पाहिजे. पाळी सुटण्याच्या वेळी फाट्यावर तासभर उभे राहिले तरी अभ्यासाचे अर्धे साहित्य हाती येते. कंपन्यांच्या बसगाड्या, सुट्या भागांचे कंटेनर, सहा आसनी रिक्षा, डंपर आणि त्यांच्या फटीतून पाय टेकत निघालेल्या दुचाक्या. रस्त्याकडेला 'कॉट बेसिस'च्या पाट्या, मेसचे डबे, जागामालकांनी शेताच्या तुकड्यावर उभ्या केलेल्या खोल्यांच्या रांगा. मुलांनी इथे एकच काम करावे. डोळ्यांसमोरच्या एका गैरसोयीचा मालक शोधावा. कंपन्यांच्या भूखंडांचे नियोजन एमआयडीसी या औद्योगिक विकास महामंडळाकडे, त्याबाहेरच्या जमिनीचे पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे, गावठाणातली गटारे-दिवे ग्रामपंचायतीकडे, महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे, सांडपाण्याचा दंड प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. प्रत्येकाकडे नकाशा आहे आणि प्रत्येकाचा नकाशा दुसऱ्याच्या हद्दीपाशी संपतो. चाकणसाठी वेगळी महापालिका करावी ही चर्चा २०२५ मध्ये जोरात झाली, तीही कोंडीने लोक मेटाकुटीला आल्यावर. हे सगळे टिपून घेतलेल्या मुलाला जर्मनीत काय विचारायचे ते सांगावे लागत नाही.

पहिला प्रश्न वस्तीच्या नियोजनाचा. त्यासाठी त्या मुलाला श्टुटगार्टच्या संग्रहालयापेक्षा सिंडेलफिंगेन हे गाव अधिक बोलेल. श्टुटगार्टच्या कडेला, साठ-पासष्ट हजार वस्तीच्या या गावात १९१५ पासून मर्सिडीजचा कारखाना आहे. कुरुळीचे खरे जोडगाव हेच. तिथे भर गावात रस्ता ओलांडायचे काही पट्टे चक्क इटलीतल्या काराराच्या संगमरवराचे आहेत. जर्मनीत कंपन्यांच्या नफ्यावरचा व्यवसायकर मुख्यतः स्थानिक पालिकेच्या तिजोरीत जातो आणि त्याच्या दराचा गुणक पालिका स्वतः ठरवते. कंपनीचे दिवस सोन्याचे होते तेव्हा गावाने संगमरवर अंथरला, आणि नफा घसरला तेव्हा त्याच गावाच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली. एका पट्ट्यापाशी उभे राहून मुलांना दोन धडे मिळतात. कारखान्याचा पैसा गावाच्या हाती थेट आला तर काय काय होऊ शकते हा पहिला, आणि एकाच कंपनीवर विसंबलेले गाव कसे टांगणीला लागते हा दुसरा. कुरुळीला दोन्ही हवेत.

तिथून पुढचा मुक्काम श्टुटगार्ट प्रदेश मंडळाचा. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाखाली श्टुटगार्ट धरून १७९ गावे-शहरे येतात. प्रदेशाचा आराखडा आणि उपनगरी रेल्वे ही त्याची मुख्य कामे, आणि त्याची सभा लोक थेट मतदानाने निवडतात. कुठल्या गावाने कुठे बांधायचे, कोणती दरी मोकळी ठेवायची याचा वाद त्या सभेत होतो. आपल्याकडे पीएमआरडीएचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे असते. पण १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य पालिका व पंचायतींच्या लोकप्रतिनिधींतून निवडलेले असावेत असेही सांगितले. दोन्हीकडचे विचार दोन वर्षांच्या अंतराने कागदावर आले. एकीकडे त्याची सभा भरते आणि लोकलचे वेळापत्रक ठरवते. दुसरीकडे कुरुळीच्या सरपंचाला आपल्या गावाचा आराखडा कोणत्या टेबलावर आहे हे शोधत हेलपाटे घालावे लागतात. हा फरक कुठून पडला, याचा शोध म्हणजे नागरी अभियांत्रिकीच्या मुलाचा अख्ख्या सत्राचा प्रकल्प आहे.

दुसरा प्रश्न शिकाऊ मुलांचा. जर्मनीतल्या दुहेरी व्यवसायशिक्षणाचे गोडवे आपल्याकडे परिसंवादांत पुष्कळ गायले जातात, पण त्याची गोम कशात आहे ते क्वचित सांगितले जाते. सुमारे ३३० मान्यताप्राप्त व्यवसायांपैकी एकात मुलगा तीन-साडेतीन वर्षे शिकतो. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस शाळेत. त्याच्याकडे एक वही असते. या आठवड्यात कोणत्या यंत्रावर काय शिकलो हे त्याने त्यात लिहायचे आणि कंपनीतल्या प्रशिक्षकाने खाली सही करायची. ही वही पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. आणि ती परीक्षा कंपनीही घेत नाही, शाळाही घेत नाही. उद्योग-व्यापार मंडळ घेते, परीक्षकांत मालक, कामगार आणि शिक्षक अशा तिघांचे प्रतिनिधी असतात, आणि मिळालेले प्रमाणपत्र देशभर चालते. म्हणजे कंपनीने मुलाला तीन वर्षे नुसते ट्रॉल्या ढकलायला लावले तर ते वहीत उघडे पडते. आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे, जर्मनीच्या १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याहून आठ वर्षे जुना. तरी चाकण पट्ट्यात 'ट्रेनी' म्हणजे अनेक ठिकाणी कमी पैशात लाइनवर उभा राहणारा आणि मुदत संपली की दुसऱ्या गेटवर अर्ज घेऊन जाणारा मुलगा, असाच अर्थ रुळला आहे. याला अपवाद आहेत. फोक्सवॅगनने चाकणमध्येच जर्मन धर्तीचे मेकॅट्रॉनिक्स प्रशिक्षण चालवले आहे. पण अपवाद एका कुंपणाच्या आत राहिला आणि पद्धत बाहेर आली नाही, हीच तर अडचण आहे.

याच ठिकाणी दौरा नेणाऱ्या शिक्षकाने मुलांना दुसरी बाजूही दाखवायला हवी. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, मुलांची वाट वेगळी होते. कोण विद्यापीठाकडे आणि कोण कारागिरीकडे जाणार याचा अंदाज तेव्हाच बांधला जातो, आणि त्यात घरची परिस्थिती, स्थलांतरित आईबापांची भाषा यांचे वजन पडते अशी टीका तिथलेच शिक्षणतज्ज्ञ वर्षानुवर्षे करत आले आहेत. जातीने माणसाचे काम जन्मतः ठरवणाऱ्या समाजातून आलेल्या मुलांनी या टीकेकडे कानाडोळा करून चालणार नाही. वही घ्यावी, चाळणी घेऊ नये, असे म्हणण्याइतका विवेक दौऱ्यात तयार झाला तर तो यशस्वी म्हणायचा.

तिसरा प्रश्न कामगाराच्या मताचा. जर्मनीत पाच किंवा अधिक कायम कामगार असलेल्या आस्थापनेत कामगार आपले मंडळ निवडू शकतात. पाळ्यांच्या वेळा, जादा काम, रजेचे नियोजन अशा गोष्टी त्या मंडळाच्या संमतीविना बदलता येत नाहीत. १९७६ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारपक्षाला दिल्या. समसमान मते पडली तर भागधारकांकडून आलेल्या अध्यक्षाचे मत निर्णायक ठरते, त्यामुळे ही बरोबरी पुरती बरोबरी नाही. तरी तिचा दाब किती असतो हे २०२४ मध्ये दिसले. फोक्सवॅगनने जर्मनीतले कारखाने बंद करण्याचा विषय काढला, कामगारांनी संप-निदर्शने केली, आणि डिसेंबरात तडजोड झाली. २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी होणार, पण तातडीने कोणताही कारखाना बंद नाही आणि सक्तीची कपातही नाही. ही तडजोड कोणाच्या फायद्याची यावर मुलांनी खुशाल भांडावे. पण त्याच १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या राज्यघटनेत ४३-क हे कलम घातले आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरवले, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली वर्क्स कमिटी तर त्याच्याही आधीची. कलम आपल्याकडे पोचले होते, खुर्ची पोचली नाही.

चौथा प्रश्न नदीचा, आणि त्यासाठी रुहर खोऱ्यात जावे लागते. एसेन, बोखुम, डॉर्टमुंडच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातून वाहणारी एम्शर नदी शंभरहून अधिक वर्षे उघडे गटार होती. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, म्हणून भूमिगत वाहिन्या टिकत नसत. सगळे सांडपाणी नदीतच सोडले जाई आणि तिला काँक्रीटच्या पन्हळीत बांधून टाकले होते. मात्र १८९९ मध्येच तिथे एक सहकारी मंडळ उभे राहिले. नदीकाठच्या पालिका, खाणी आणि कारखाने यांना त्याचे सदस्य होणे कायद्याने भाग पडले आणि जो जितका भार टाकेल तितकी वर्गणी त्याने भरायची असे ठरले. खाणी उत्तरेकडे सरकल्या आणि बंद होत गेल्या तेव्हा, १९९२ मध्ये, याच मंडळाने नदी पुन्हा नदी करायचे काम हाती घेतले. ५१ किलोमीटरची भूमिगत सांडपाणीवाहिनी, सुमारे साडेपाच अब्ज युरो आणि तीस वर्षे खर्ची पडली. २०२१ च्या अखेरीस एम्शरमध्ये सांडपाणी जाणे थांबले.

कुरुळीच्या दक्षिणेला इंद्रायणी आहे. मोशी, चिखली, मोई, चिंबळी ओलांडून ती आळंदीला जाते आणि वारीच्या दिवसांत तिच्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाची छायाचित्रे दर वर्षी वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या फेसावर आपण दोन प्रकारे बोलतो. एक भावनेने, की माउलींच्या नदीची ही दशा. दुसरे संतापाने, की कारखानदारांना तुरुंगात टाका. दोन्ही रास्त आहेत आणि दोन्हींनी नदी स्वच्छ होत नाही. एम्शरचा धडा रूक्ष आहे. उगमापासून मुखापर्यंत नदीचा एकच मालक हवा, त्याच्या वहीत प्रत्येक पालिकेचे आणि कारखान्याचे खाते हवे, आणि ते मंडळ सरकारे बदलली तरी तीस वर्षे टिकायला हवे. इंद्रायणीच्या काठावर महापालिका, नगरपरिषदा, ग्रामपंचायती, देवस्थाने, औद्योगिक वसाहती आहेत. त्यांना एकत्र वर्गणी भरायला लावणारी संस्था नाही. रसायन अभियांत्रिकीच्या मुलाने एसेनला कोळसाखाणीचे जागतिक वारसास्थळ पाहून फोटो काढण्याऐवजी त्या मंडळाच्या कचेरीत बसून वर्गणीचा हिशेब कसा मांडतात ते समजून घेतले, तर त्याचा उपयोग परतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून होईल.

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि नेमका तोच कार्यक्रमपत्रिकेतून पहिल्यांदा गळतो. वोल्फ्सबुर्ग हे शहर १९३८ मध्ये नाझी राजवटीने मोटारकारखान्यासाठी माळरानावर वसवले. त्याला आजचे नाव मिळाले ते १९४५ मध्ये, युद्ध हरल्यावर. युद्धकाळात त्या कारखान्यात पोलंड, सोव्हिएत संघ, फ्रान्स अशा देशांतून धरून आणलेले सुमारे वीस हजार लोक सक्तीने राबवले गेले. डायमलर-बेंझमध्येही १९४४ साली जवळजवळ निम्मे मनुष्यबळ वेठीचे होते. पुढे कंपन्यांनी इतिहासकारांना आपली दप्तरे उघडून दिली. फोक्सवॅगनवर हान्स मोमझेन आणि मानफ्रेड ग्रीगर यांचा जाडजूड ग्रंथ १९९६ मध्ये आला. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातल्या जुन्या हवाईहल्ला-निवाऱ्यात १९९९ पासून वेठबिगारांचे स्मृतिस्थान आहे. २००० मध्ये सरकार आणि उद्योग यांनी निम्मी-निम्मी रक्कम घालून दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला आणि त्यातून सोळा लाखांहून अधिक माणसांना भरपाई दिली. यातले काहीच आपसूक झाले नाही. अमेरिकेतले दावे, वाचलेल्यांचा पाठपुरावा आणि देशातल्या तरुण पिढीचे प्रश्न यांनी कंपन्यांना तिथवर आणले. पण आणले, आणि आज तिथे नोकरीला लागणारा शिकाऊ मुलगा ती जागा पाहू शकतो.

यावर अभियांत्रिकीचे प्राध्यापक हमखास म्हणतात, की हा विषय कलाशाखेचा. आमची मुले गिअरबॉक्स शिकायला आली आहेत, छळछावण्या नव्हे. त्याचे उत्तर सप्टेंबर २०१५ मध्ये खुद्द फोक्सवॅगननेच दिले आहे. डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी प्रणाली बसवली होती, की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी व्हायचा आणि रस्त्यावर तो परवानगीच्या कित्येक पट सुटायचा. ती प्रणाली कोणी गुंडांनी लिहिली नव्हती. उत्तम गुण मिळवलेल्या, गिअरबॉक्स नीट शिकलेल्या अभियंत्यांनी लिहिली होती. आपल्या हातून निघालेल्या यंत्राचे पुढे काय होते हा प्रश्न अभियंत्याच्या कामाचाच भाग आहे. तो शिकवायला निवाऱ्यातल्या त्या स्मृतिस्थानासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. शिवाय प्रश्न इथपर्यंत येतो. चाकणच्या जमिनी कशा संपादित झाल्या, मोबदल्याचे पुढे काय झाले, यंत्रात बोटे गेलेले कंत्राटी कामगार कुठे गेले, याची नोंद या पट्ट्यात कोण ठेवतो आहे?

आणखी एक आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. गोऱ्यांच्या शहरांत जाऊन त्यांचे कौतुक शिकून यायचे, ही जुनीच गुलामी नव्हे का? आक्षेप बिनबुडाचा नाही आणि त्याचे उत्तर मराठी परंपरेतच आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. ऑयगेन फिशर या वंशश्रेष्ठत्ववादी शास्त्रज्ञाच्या संस्थेत त्यांना संशोधन मिळाले ते माणसांच्या कवट्यांच्या असमतोलावर. अभ्यासासाठी दिलेल्या कवट्यांत जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. गोऱ्यांची कवटी वेगळी आणि म्हणून बुद्धी वरची, या गृहीतकाला पुष्टी मिळावी ही तिथली अपेक्षा. कर्व्यांनी मोजमापे घेतली आणि वंशाचा असा संबंध आढळत नाही असे प्रबंधात लिहिले. पुण्याहून गेलेल्या त्या विद्यार्थिनीने जर्मनांकडून मोजण्याची पद्धत घेतली आणि त्याच पद्धतीने त्यांचा दावा तपासला. अभ्याससहलीला याहून चांगला नमुना नको. वसाहतीच्या वारशाकडे पाहायचे आणखी एक ठिकाण ब्रेमेन शहरात आहे. ब्रेमेनशी पुण्याचे नाते १९७० च्या दशकापासूनचे आहे, औंधच्या ब्रेमेन चौकाच्या नावात ते टिकून आहे. त्या ब्रेमेनमध्ये विटांचा एक भला मोठा हत्ती आहे. तो वसाहतींच्या गौरवासाठी उभारला होता. १९९० मध्ये शहराने त्यालाच वसाहतवादविरोधी स्मारक म्हणून जाहीर केले. स्मारक पाडले नाही, त्याचा अर्थ चारचौघांत बदलला. पुतळ्यांवरून तापणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांनी त्या हत्तीपाशी अर्धा दिवस घालवायला हरकत नाही.

आदर्शवादाचा धोका टाळण्याचा आणखी एक सोपा मार्ग आहे. जर्मनीचे फसलेलेही दाखवावे. श्टुटगार्टचे नवे भूमिगत स्थानक २०१९ मध्ये सुरू व्हायचे होते. २०२५ संपले तरी ते झाले नाही आणि खर्च साडेचार अब्जांवरून अकरा अब्ज युरोंच्या पुढे गेला. २०१० मध्ये त्याविरुद्ध निदर्शने करणाऱ्यांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले. बर्लिनचा नवा विमानतळ नऊ वर्षे उशिरा, २०२० मध्ये उघडला. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये शंभरातल्या जेमतेम बासष्ट-त्रेसष्ट वेळेवर धावल्या. 'त्यांच्याकडे पैसा आहे, लोकसंख्या कमी आहे, म्हणून जमते' असे म्हणणाऱ्यांनाही यात उत्तर आहे. पैसा आणि शिस्त दोन्ही असूनही बिघडते. आणि एम्शर घाण होती ती देश गरीब होता म्हणून नव्हे, श्रीमंत होत होता म्हणून. जिथे जमले तिथे लोकांना एकत्र बांधणारी, हिशेब मागणारी संस्था होती. जिथे फसले तिथे ती दुबळी पडली किंवा उशिरा जागी झाली. तुलना करायची ती संस्थांची. देशांच्या श्रीमंतीची नव्हे.

पालकांचा आक्षेप सरळ असतो. एवढे लाख मोजून मुलाला नोकरीसाठी काय मिळणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. दहा हजार तरुण पाठवण्याची ती योजना होती, आणि श्टुटगार्ट, सिंडेलफिंगेन त्याच राज्यातली. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणारे भारतीय विद्यार्थी सुमारे ४९ हजार होते, दुसऱ्या कोणत्याही देशातून आलेल्यांहून जास्त. म्हणजे मुले जाणारच आहेत. त्यांना कामगार मंडळाकडे तक्रार कशी करायची, प्रशिक्षणाच्या वहीवर कोणी सही करायची, पालिकेत कुठे नाव नोंदवायचे हे माहीत असणे मर्सिडीजची जुनी मॉडेले ओळखता येण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. जे इथेच राहतील त्यांना तर त्याहून जास्त.

खर्चाचा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. आज असे दौरे ज्यांना परवडतात त्यांचेच होतात. त्यामुळे दुहेरी व्यवसायशिक्षण पाहायला व्यवस्थापनाची मुले जातात आणि ज्याच्या पोटाशी त्याचा संबंध आहे तो आयटीआयचा मुलगा घरी राहतो. यावर तोडगे आहेत. सहा शहरांऐवजी तीन शहरे घेतली, युवा वसतिगृहांत राहिले, प्रादेशिक गाड्यांना देशभर चालणारा मासिक पास काढला, जो २०२५ मध्ये ५८ युरोंचा होता, तर खर्च बराच खाली येतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून निम्म्या जागा आयटीआय आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेल्या मुलांसाठी राखता येतील. आणि देवघेव दुतर्फा असावी. सिंडेलफिंगेनच्या शिकाऊ मुलांनी कुरुळीत येऊन आपल्या कंपनीची दुसरी बाजू पाहावी. त्यांचाही अभ्यास निम्माच झाला आहे.

या सगळ्याचा भार अखेर दौरा नेणाऱ्या शिक्षकावर पडतो. पारपत्रे सांभाळणे, डोकी मोजणे, शाकाहारी जेवण मिळवून देणे ही कामे सहल कंपनीचा माणूस करू शकतो. शिक्षकाचे काम निवडण्याचे आहे. काय दाखवायचे यापेक्षा काय वगळायचे हे ठरवताना त्याची कसोटी लागते, कारण किल्ला वगळला तर मुले आणि पालक दोघेही रुसतात. त्याने प्रत्येक मुलाला निघण्यापूर्वी कुरुळीतला एक प्रश्न लेखी द्यावा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवनातून जर्मन शिकलेल्यांची वाण नाही, त्यांच्यातला एक दुभाषा सोबत घ्यावा, म्हणजे कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्यापलीकडे पाळी संपवून निघालेल्या कामगाराशी, पालिकेतल्या कारकुनाशी, तुर्की आजोबांच्या जर्मन नातवाशी बोलता येईल. रोज संध्याकाळी तासभर बसून दिवसभरात काय पटले नाही ते प्रत्येकाने सांगावे. आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नाही हे शिक्षकाने मोकळेपणाने म्हणावे.

दौऱ्याची परीक्षा परतल्यावर आहे आणि ती महाविद्यालयाच्या सभागृहात होऊ नये. मुलांनी आपला अहवाल मराठीत लिहावा आणि कुरुळीच्या ग्रामसभेत वाचावा. इंद्रायणीच्या वर्गणीचा हिशेब, शिकाऊ मुलाच्या वहीचा नमुना, प्रदेश मंडळाच्या निवडणुकीची पद्धत, प्रत्येकी चार पाने. तिथे बसलेले शेतकरी, खोल्यांचे मालक, बचतगटाच्या बाया, कंपनीतून सुटी काढून आलेले कामगार जे विचारतील त्याला उत्तर देता आले, तर तो अभ्यास झाला. 'हे इथे कोणी आणि कधी करायचे?' हा प्रश्न त्या सभेत येईलच. त्याचे एखादे व्यवहार्य उत्तर मुलांजवळ असेल तर पुढच्या तुकडीचा खर्च मंजूर करावा. नसेल तर तेवढे पैसे कुरुळीतच अभ्यास करायला द्यावेत, आणि तो पुरा झाल्यावर जर्मनीचे तिकीट काढावे.